बोहाडा : गावानेच उभा केलेला खेळ

कुठे, केव्हा : पालघरमधील जव्हार, मोखाडा आणि नाशिककडील आदिवासी पट्टा. होळीनंतरच्या रात्री. दुसरे नाव भोवाडा.

कलाकार : सारे हौशी, गावातलेच. ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे. तो पिढीजात चालतो.

मुखवटे : लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले. तोंड झाकलेले असल्याने बोलणे थोडके. सारी भिस्त पावलांवर आणि संबळ-पिपाणीच्या ठेक्यावर. वजनदार मुखवटा सांभाळत नाचणे हेच खरे कसब.

सोंगे : आरंभी गणपती, सरस्वती. पुढे रामायण-महाभारतातील पात्रे. अखेरीस देवी व महिषासुराचे युद्ध.

दशावताराहून वेगळेपण : दक्षिण कोकणातील दशावतारात बहुतेक पात्रे चेहरा रंगवतात, संवाद आयत्या वेळी रचतात, व्यावसायिक मंडळेही गावोगाव फिरतात.