तंबू टाकण्याआधी रनर बघा

विट्यात मागाचं कापड ओळखणारी माणसं समोर आहेत, म्हणून कापडापासूनच सुरू करतो. ट्रेकच्या बऱ्याच तंबूंवर बारीक चौकटी दिसतात ना? ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो, फाट पुढं सरकू नये म्हणून. त्यामुळं छोट्या फाटीला ठिगळ पुरतं. ठिगळाचे कोपरे मात्र गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचकटतो.

चेन लावूनही उघडी पडते तेव्हा दात बहुधा शाबूत असतात, झिजलेला असतो रनर. पकडीनं त्याच्या दोन्ही बाजू हलकेच दाबा. नाहीच जमलं, तर शिंप्याकडून तेवढा रनर बदलून घ्या. आख्खा तंबू कशाला टाकायचा?

आतला थर चिकट होऊन सोलपटतोय? बहुतेक वेळा तंबू ओलसरच गुंडाळून ठेवलेला असतो. तिथं ठिगळ चालत नाही. जुना थर काढून नवा लावायचा, आणि ते काम खरंच किचकट आहे.