पुढे पाठवण्याआधी
१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा फिरत होत्या.

‘सरकारने असा मजकूर आधीच का रोखू नये?’ मी प्रोग्रामर भाच्याला विचारले.

‘मामू, त्यासाठी सगळ्यांचीच पत्रे फोडावी लागतील.’

त्याच महिन्यात कंपनीने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. मजकूर न वाचता वेगाला लगाम!

कात्री मात्र निरपराधांवरही चालते. २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरील मतासाठी दोन मुलींना अटक झाली. त्यात लावलेले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले.

म्हणून म्हणतो, कात्री मागण्याआधी आपले बोट क्षणभर थांबवू या.