शुद्ध तुपाचा भूगोल

शुद्ध तूप कसे ओळखावे, याला घराघरांत वास, रवा आणि चव अशी उत्तरे आहेत. कायद्याला मात्र न्यायालयात टिकेल असे उत्तर लागते. अन्नभेसळीचे जुने नियम चाळताना ते उत्तर शोधण्याची खटपट मला विशेष उद्बोधक वाटली.

1937 साली ‘डालडा’ आला. असे रवाळ वनस्पती तूप खऱ्या तुपात सहज मिसळता येई. वनस्पतीला रंग द्यावा, अशी मागणी झाली. सरकारने वेगळी युक्ती केली. वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचे तेल घालणे कारखानदारांना बंधनकारक केले. तिळाच्या तेलाला फरफ्युरल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल लागले की गुलाबी-लाल रंग उमटतो. हीच बोदुआँ चाचणी. म्हणजे खूण तुपावर नव्हे, भेसळीच्या मालावर केली गेली!

तिळाचा अंश नसलेली चरबी मिसळली तर? त्यासाठी रायखर्ट-माइसल मूल्य पाहतात. 5 ग्रॅम तुपातून निघणारी, पाण्यात विरघळणारी बाष्पनशील आम्ले उदासीन करायला ठरावीक तीव्रतेचा अल्कली किती मिलिलिटर लागतो, तो हा आकडा. ब्युटिरिक आम्लामुळे तुपात तो मोठा येतो; बहुतेक वनस्पती तेलांत नगण्य.

खरी अडचण पुढेच आहे. जनावराला सरकी भरपूर घातली की अस्सल तुपातही हा आकडा उतरतो. म्हणून 1954 च्या कायद्याखालील नियमांत तूप जिथे तयार झाले त्या प्रदेशानुसार तक्ता आला. बिहारला किमान 28, तर गुजरातच्या कापूसपट्ट्याला 21. महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्यालाही उर्वरित राज्यापेक्षा खालची मर्यादा मिळाली.

ही सवलत क्षुल्लक नव्हती. याच कायद्यात अनेक गुन्ह्यांना किमान 6 महिन्यांची कैद होती. देशभर 28 हाच आकडा लावला असता, तर सरकीवर म्हैस पोसणारा प्रामाणिक गवळीही भेसळखोर ठरला असता. उलट बाजूही आहे : 28 चे तूप चरबी घालून 21 वर आणायचे आणि कापूसपट्ट्याचे म्हणून खपवायचे, ही वाट त्याच सवलतीने मोकळी राहते.

म्हणूनच डब्यावर तूप कुठे तयार झाले ते खरे लिहिलेले असणे मला महत्त्वाचे वाटते. प्रयोगशाळेचा आकडा कोणत्या मापाने वाचायचा, ते त्यावरून ठरत होते. 2011 पासून 2006 चा नवा कायदा जुन्याच्या जागी आला. पण गोठ्यातला चारा ठाऊक नसताना शुद्धतेचा निवाडा करू नये, हा त्या तक्त्याचा धडा आजही लागू आहे.