गटातली "एकटी हुशार" आता दोघी करूया



पुढच्या बैठकीत एक प्रश्न विचारून बघा. गटाचं बँकेचं काम, मोबाइलवरची नोंद आणि हिशेबाच्या वह्या हे सगळं कुणाच्या मदतीशिवाय करू शकतील अशा आपल्यात कितीजणी आहेत? बहुतेक गटांत उत्तर येतं, "एक." त्या ताईला आपण कौतुकानं "आमची मॅडम" म्हणतो. पण मॅडम बाळंतपणाला माहेरी गेली, आजारी पडली किंवा घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली की गटाचं काम अडतं. कर्जाचा प्रस्ताव राहतो, हप्ता थकतो, बँकेतून आलेला मेसेज कुणी वाचत नाही. तिच्यावरही सगळा भार पडतो तो वेगळाच. म्हणून या अंकात बोलूया एकीच्या दोघी कशा करायच्या यावर.

करून देणं वेगळं, शिकवणं वेगळं

"मला नाही बाई जमत, तूच कर." हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. मग जिला येतं ती फोन घेते आणि अर्ध्या मिनिटात काम करून परत देते. काम झालं खरं, पण पुढच्या महिन्यात तीच ताई पुन्हा तिच्यासमोर फोन धरून उभी. शिवाय घाईघाईत तिनं आपला पिनही सांगून टाकलेला असतो.

म्हणून एक नियम करा. शिकवणारीनं हात पाठीमागे ठेवायचे. फोन शिकणारीच्या हातात आणि बोटही तिचंच. शिकवणारीनं फक्त तोंडानं सांगायचं. वेळ लागेल, चुकीचं बटण दाबलं जाईल, हसूही येईल. भाकरी शिकताना आपली पहिली भाकरी फाटलीच होती की! पण पीठ आपल्याच हातात होतं, म्हणून शिकलो.

सुरुवात सोप्या कामापासून करा. आधी बँकेचा मेसेज उघडून किती जमा, किती खर्च ते बघणं. मग स्वतःच्या खात्यातली शिल्लक बघणं. मग दोघींनी एकमेकींना एक रुपया पाठवून बघणं. हे जमलं की गटाच्या नोंदीकडे वळा. लिहायची भीती वाटत असेल तर माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, फोन लिहून घेतो. फोनची भाषाही सेटिंगमध्ये जाऊन मराठी करता येते.

शिकवताना या तीन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी सांगा:

- पिन आणि ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. गटातल्या मैत्रिणीला नाही, घरच्यांना नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर नाहीच नाही.
- पैसे घेताना पिन लागत नाही. पिन पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना लागतो. "पैसे टाकतो, पिन दाबा" असं कुणी म्हणालं की समजा, फसवतोय.
- फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तिसरी गोष्ट एकटीनं होत नाही. फसलेली बाई घरी बोलणी बसतील म्हणून लपवते. तेव्हा "अगं, तुला कळलं कसं नाही?" असं म्हणायच्या आधी तिच्या शेजारी बसून तो फोन लावून द्या.

जोडीनं केलेलं काम टिकतं

तंत्रज्ञानाची कामं आता आपल्या गावात आली आहेत. बीसी सखी मशीन घेऊन गावातच पैसे काढून देते, भरून घेते. त्यासाठी तिनं प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिलेली असते. बँक सखी बँकेच्या शाखेत बसून गटांची कागदपत्रं आणि कर्जाचे प्रस्ताव बघते. दोन्ही नावं सारखी वाटतात, पण कामं वेगळी आहेत. आणि गटाच्या खात्यातून बीसी सखीच्या मशीनवर पैसे काढायचे तर सहीचा अधिकार असलेल्या दोघींची ओळख पटवावी लागते. म्हणजे दोघींना काम समजलं पाहिजे, ही सोय व्यवस्थेतच करून ठेवली आहे.

ड्रोन दीदीचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला गटाला शेतीच्या फवारणीचा ड्रोन घेण्यासाठी खर्चाच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत ठेवली होती. ड्रोन उडवणाऱ्या ताईला १५ दिवसांचं प्रशिक्षण, आणि तिच्या जोडीला गटातल्या किंवा घरातल्या आणखी एकाला दुरुस्ती-देखभालीचं प्रशिक्षण. कारण बॅटऱ्या, पाणी, औषध आणि शेतकऱ्यांची यादी हे सगळं एकीच्या हातून होत नाही.

म्हणून प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं असा विषय निघाला की एकटं नाव देऊ नका, शक्य असेल तिथं दोन नावं द्या. तालुक्याला जायचं तर सोबत होते, घरचेही लवकर "हो" म्हणतात. परत आल्यावर एक विसरली तर दुसरीला आठवतं.

पद मिळालं, आता तिच्यासोबत कोण?

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. आपल्या गटांतून सदस्य झाल्या, सरपंच झाल्या. तरी काही ठिकाणी खुर्ची ताईची आणि बोलतात भाऊ. आपण भावांना नावं ठेवतो, पण ग्रामसभेला ताईसोबत आपण कितीजणी जातो? समोर ओळखीच्या दहा बाया बसलेल्या असल्या की बोलणारीचा आवाज थरथरत नाही. ती अडखळली तर दुसरीनं हात वर करून तोच प्रश्न पुढे न्यायचा.

गटातही अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ही पदं ठरल्याप्रमाणे बदलली पाहिजेत. बदल करायच्या दोन-तीन महिने आधीपासून नवीन ताईला जुनीसोबत बँकेत जाऊ द्या, इतिवृत्त लिहू द्या. नाहीतर पद बदलतं आणि काम जुन्या ताईच्याच घरी राहतं.

मदत घरच्या कामातही लागते. प्रशिक्षणाला गेलेल्या ताईचं लेकरू दिवसभर सांभाळणं, तिची शेळी आपल्या शेळ्यांबरोबर चारून आणणं, हाही तिच्या पुढारपणातला आपला वाटा आहे. आणि "लई पुढं पुढं करती" हे जे नळावर बोललं जातं ना, ते आपल्यापासून थांबवायचं. या एका वाक्यानं कितीतरी चांगल्या बाया मागे बसल्यात.

साथ द्या, हिशेबही विचारा

साथ देणं म्हणजे डोळे झाकून विश्वास ठेवणं नव्हे. जी ताई गटाचे पैसे बघते, तिनं दर बैठकीत रोकड वही आणि पासबुक मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि बाकीच्यांनी आपापल्या पासबुकाशी ताळा करावा. यात अपमान वाटून घ्यायचं कारण नाही. हिशेब सगळ्यांसमोर असला तर उद्या कुणी तिच्यावर बोट ठेवलं, तर अख्खा गट तिच्या बाजूनं बोलू शकतो. आणि ज्या कामाचं मानधन ठरलेलं आहे ते तिला वेळेवर मिळतंय का, हेही तितक्याच ठामपणे विचारा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. जिला येतं आणि जिला शिकायचंय अशा दोघी-दोघींच्या जोड्या लावा. नावं इतिवृत्तात लिहा.
२. प्रत्येक जोडीनं महिन्याभरात एकच काम शिकायचं. कोणतं, ते शिकणारीनं ठरवायचं.
३. महिन्यानं शिकणारीनं ते काम सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं करून दाखवायचं.
४. जी शिकली, तिनं पुढच्या महिन्यात तिसरीला शिकवायचं.

बारा-तेरा जणींच्या गटात असं वर्षभर चाललं तर कुणाची वाट बघत काम थांबणार नाही. पुढच्या महिन्यात मी तुमच्या बैठकीला येईन, तेव्हा फोन मॅडमच्या हातात नको, शिकणाऱ्या ताईच्या हातात दिसू दे.