शुद्धीकरण शेणाचे आणि शुद्धीकरण विज्ञानाचे

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या 108 घागरी मंत्रघोषात तळ्यात रिकाम्या केल्या आणि तळे ‘शुद्ध’ झाल्याचे जाहीर केले. पिण्याच्या पाण्यात शेण कालवायचे आणि त्याला शुद्धी म्हणायचे! हे विज्ञान नव्हते, ही विषमतेची व्यवस्था होती.

आज गावोगावी आरओची यंत्रे आली आहेत. नाणे टाकले की पाणी मिळते. पण त्या यंत्राच्या पोटात काय घडते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? न समजता यंत्रावर ठेवलेला विश्वास हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे.

यंत्रातील मेम्ब्रेन म्हणजे पॉलिअमाइडचा अतिशय पातळ पडदा. त्याचा मीठ अडवणारा थर साधारण 100 ते 200 नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी कमी असतो. पाण्यात विरघळलेले क्षार हे आयनांच्या रूपात, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांच्या रूपात असतात. ते अडतात कसे? चाळणीत खडे अडतात तसे, असे आपल्याला वाटते. पण ते अर्धसत्य आहे.

प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन असते. फ्लोराइडचा आयन क्लोराइडपेक्षा लहान, पण त्याचे वेष्टन अधिक घट्ट. पडद्याच्या अरुंद वाटेत शिरायचे तर हे वेष्टन काही अंशी उतरवावे लागते आणि त्याला ऊर्जा लागते. शिवाय पडद्यावर स्वतःचा ऋणभार असतो; तो ऋण आयनांना मागे लोटतो. ऋण आयन मागे राहिले की धन आयनांनाही त्यांच्यासोबत थांबावे लागते, कारण दोन्ही भारांचा मेळ बसावाच लागतो. भाराचा हा नियम फ्रेडरिक डोनान यांनी 1911 मध्येच मांडला होता. आकार, भार आणि वेष्टन या सर्वांचा हिशेब गणिताने मांडणे, संगणकावर एकेका रेणूची हालचाल काढून पाहणे, यालाच आयनांच्या वर्तनाचे प्रतिमान म्हणतात.

आणि येथेच विज्ञान व पोथी यांतील फरक दिसतो. सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी 1960 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पहिला उपयुक्त पडदा तयार केला. पाणी पडद्यात विरघळते आणि झिरपत पलीकडे जाते, हे प्रतिमान 1965 पासून जगभर शिकवले गेले. 2023 मध्ये येल विद्यापीठातील मेनाकेम एलिमेलेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यालाच आव्हान दिले. पाणी विरघळून नव्हे, तर दाबाने सूक्ष्म छिद्रांतून वाहते, असे त्यांनी प्रयोग आणि संगणकीय गणित यांच्या आधारे मांडले. कोणी त्यांना पाखंडी म्हटले नाही, कोणी बहिष्कार घातला नाही. तथागत बुद्धांनी सांगितलेला ‘एहिपस्सिको’, म्हणजे या आणि स्वतः पाहा, हाच तो मार्ग!

आता प्रश्न आपल्या घागरीचा. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील अनेक गावांत भूजल खारे आहे. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड आहे. ते दात आणि हाडे खराब करते. भारतीय मानकानुसार ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 ही कमाल मर्यादा. यंत्र विकणारा माणूस मात्र फक्त टीडीएसचा मीटर बुडवून दाखवतो. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात फ्लोराइड किती, हे तो सांगत नाही. गंगेच्या मैदानातील भूजलात आर्सेनिक आहे. तेथे ते बरेचदा भाररहित रूपात असते. भार नाही म्हणून पडदा त्याला नीट अडवू शकत नाही आणि मीटरलाही ते दिसत नाही! नॅनोफिल्टरचा पडदा सल्फेट चांगले अडवतो, पण नायट्रेट बरेचसे सोडून देतो. म्हणजे कोणत्या गावाला कोणता पडदा हवा, हे तेथील आयन ओळखल्याशिवाय ठरवताच येत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत तीन प्रश्न विचारले पाहिजेत. फ्लोराइड आणि नायट्रेटची स्वतंत्र प्रयोगशाळा तपासणी झाली काय? मेम्ब्रेन शेवटचे कधी बदलले? आणि यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी कोणत्या वस्तीच्या कडेला सोडले जाते? संविधानाच्या कलम 15(2) ने शासनाच्या पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव सर्वांना खुले केले. त्याच पैशातून उभे राहिलेले यंत्र त्याला अपवाद कसे असेल? नाणे नाही म्हणून, किंवा वस्ती दूर म्हणून आपली माया-बहीण जुन्याच हातपंपाचे पाणी भरत असेल, तर चवदार तळ्याचा लढा संपला असे कोणी म्हणू नये.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. तेव्हा त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला आणि केंद्रीय जल आयोगाच्या पायाभरणीला दिशा दिली. पाण्याचा हक्क आणि पाण्याचे शास्त्र या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच हाताने पेलल्या. आपल्या मुलामुलींनी केवळ शासकीय नोकरीच्या परीक्षांत अडकून न राहता रसायनशास्त्र, गणित, संगणक यांकडे वळले पाहिजे. परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, त्या मिळवून अशा प्रयोगशाळांत शिरले पाहिजे. तळ्याचे पाणी आपण मिळवले. आता ते पाणी शुद्ध कशाने होते, याचे ज्ञानही आपल्याच हाती आले पाहिजे.

जय भीम!