मजकूर एकदाच टाईप करा, ई-बुक त्यातूनच निघेल

मोबाईलवर पीडीएफ उघडली की अक्षरं मुंगीएवढी. मोठी करावीत तर ओळ डावी-उजवी सरकवत बसावं लागतं. इपब प्रकारच्या ई-बुकमध्ये ओळी स्क्रीनच्या मापाने आपोआप बसतात.

असं ई-बुक काढायची जुनी आणि फुकट वाट म्हणजे डॉकबुक. यात मजकुराला एक्सएमएलच्या खुणा करतात. हे प्रकरण, हे शीर्षक, ही तळटीप, एवढंच. अक्षर केवढं, ठळक की तिरकं, हे तिथे लिहायचंच नाही. ते काम स्टाइलशीटचं. प्रकरण आलं की नवी फाईल, शीर्षक आलं की अनुक्रमणिकेत नोंद, असे नियम तिच्यात तयार असतात. उद्या छापील प्रत हवी झाली तर स्टाइलशीट बदलायची, मजकूर तोच.

गाडी अडते ती शेवटी. इपब म्हणजे खरं तर झिप फाईलच. तिच्यात ‘माइमटाइप’ ही फाईल सर्वांत आधी आणि कॉम्प्रेस न करता ठेवावी लागते. नेहमीसारखी झिप केली तर पुस्तक तपासणीत नापास.

मराठीत मात्र त्याआधीचीच पायरी मोठी. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच टाकला तर स्टाइलशीट बिचारी काय करणार? वाचकाला भलत्याच अक्षरांचा काला दिसतो. आधी तो युनिकोडमध्ये बदलावा आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीत.