चेहऱ्यावरील त्वचाकर्करोगाची शस्त्रक्रिया : तंत्र, अनुभव व पुनर्रचना

प्रस्तावना

शरीराच्या अन्य भागावरील शस्त्रक्रियेची खूण वस्त्राखाली झाकली जाते. चेहऱ्यावरील खूण मात्र झाकता येत नाही. त्यामुळे चेहऱ्यावरील त्वचाकर्करोग काढताना शल्यविशारदापुढे दोन परस्परविरोधी मागण्या उभ्या राहतात. कर्करोगाची एकही पेशी मागे राहू नये आणि निरोगी त्वचा शक्य तितकी वाचावी. या दोहोंचा मेळ कसा घातला जातो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रोगाचे स्वरूप

बेसल सेल कार्सिनोमा, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा व मेलॅनोमा हे त्वचाकर्करोगाचे तीन प्रमुख प्रकार होत. यांपैकी पहिला जगात सर्वाधिक आढळतो व तो मुख्यत्वे डोके आणि मान या भागांत, विशेषतः नाकावर होतो. डब्लिन येथील वैद्य आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये पापण्या व चेहऱ्यावरील अशा व्रणाचे वर्णन केले होते. हा कर्करोग सावकाश वाढतो व क्वचितच अन्य अवयवांत पसरतो. परंतु दुर्लक्ष झाल्यास त्वचेखालील कूर्चा व हाडही पोखरतो.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे त्याचे प्रमुख कारण होय. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन या किरणांपासून संरक्षण देते. म्हणून भारतीयांत हा रोग गौरवर्णीयांच्या तुलनेने कमी आढळतो. मात्र सावळ्या त्वचेवर ही गाठ पुष्कळदा काळसर दिसते व तीळ किंवा चामखीळ समजली जाते. ती सहसा दुखत नाही, त्यामुळे निदान लांबते. पुन्हा पुन्हा खपली धरून रक्त येणाऱ्या व न भरणाऱ्या जखमेची बायोप्सी करून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

शस्त्रक्रियेचे तंत्र

रूढ पद्धतीत गाठीभोवतीची काही मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचाही काढली जाते. कमी जोखमीच्या लहान बेसल सेल गाठीसाठी ही कड साधारणतः ४ मि.मी. असते. काढलेल्या भागाचे पावाच्या कापांप्रमाणे उभे छेद घेऊन तपासणी होते. या पद्धतीत कडेचा १ टक्क्याहूनही कमी भाग प्रत्यक्ष पाहिला जातो. दोन छेदांमधून गेलेले कर्करोगाचे मूळ नजरेतून सुटू शकते.

ही उणीव अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे फ्रेडरिक मोज यांनी दूर केली. १९३६ पासून त्यांनी झिंक क्लोराइडचा लेप लावून ऊती जागीच स्थिर करण्याची व नंतर थराथराने काढण्याची पद्धत रुग्णांवर वापरली आणि १९४१ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे लेपाची गरज उरली नाही. आज स्थानिक भूल देऊन पातळ थर तिरकस काढला जातो, त्याच्या कडांना रंग लावून नकाशा तयार केला जातो आणि थर गोठवून त्याची संपूर्ण कड व तळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. नकाशावर जेथे कर्करोग आढळतो, तेवढ्याच जागी पुढील थर काढला जातो. नेदरलँड्समधील २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, चेहऱ्यावर पुन्हा उद्भवलेल्या बेसल सेल कर्करोगावरील उपचारानंतर १० वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण रूढ पद्धतीत १३.५ टक्के, तर मोज पद्धतीत ३.९ टक्के आढळले.

रुग्णाचा अनुभव

रुग्ण पूर्णतः जागा असतो. भुलीच्या सुईची चुणचुण सोडल्यास त्याला वेदना नसतात. ओढल्याचा व दाबल्याचा भास मात्र होतो. प्रत्येक थराच्या तपासणीस सुमारे तासभर लागतो आणि पट्टी बांधून थांबावे लागते. त्वचेवर दिसणारी गाठ लहान असली, तरी आतील विस्तार मोठा असू शकतो. अपेक्षेहून मोठी जखम पाहून रुग्णास धक्का बसतो. म्हणून ही शक्यता त्यास व कुटुंबीयांस आधीच समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरते. पहिले काही दिवस सूज येते व डोळ्यांभोवती काळेनिळेपणा दिसतो. वण फिका होण्यास अनेक महिने लागतात.

पुनर्रचना आणि पुण्याचा वारसा

लहान जखम टाके घालून मिटविता येते. नाकावरील मोठ्या जखमेसाठी मात्र कपाळाच्या त्वचेचा पट्टा खाली वळवून जोडला जातो. भुवईजवळील रक्तवाहिनी त्यास जिवंत ठेवते आणि सुमारे तीन आठवड्यांनी तो दुवा कापला जातो. या तंत्राचे मूळ भारतात आहे. टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धात इंग्रज सैन्यातील कावसजी या गाडीवानाचे नाक कापले गेले होते. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून त्याचे नाक पुन्हा घडविले. हा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला गेला व त्यापासून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

समारोप

मोज पद्धतीची सोय भारतात मोजक्याच केंद्रांत आहे. तथापि, कडा रोगमुक्त असल्याचा अहवाल येईपर्यंत अंतिम पुनर्रचना लांबणीवर टाकणे हा मार्ग अन्यत्रही उपलब्ध असतो. चेहरा विद्रूप होईल या भीतीने शस्त्रक्रिया टाळणारा रुग्ण प्रत्यक्षात अधिक मोठ्या हानीस वाट करून देतो; कारण गाठ जितकी लहान असताना काढली जाते, तितका चेहरा अधिक वाचतो.